हिरड्या

कुंदाताईच्या साखरपुड्यात तिचे होणारे नवरे, शहाडचे परशुराम भावजी मनापासून हसले आणि मला संशय आला. वरचा ओठ आखूड असला, तर हसताना हिरड्या नुसत्या दिसतात. यांच्या हिरड्या मात्र सुजल्यासारख्या होऊन निम्म्या दातांवर चढल्या होत्या. बी.एस्सी.ला वाचलेलं आठवलं, फिटची गोळी वर्षानुवर्षं घेतली की असं होऊ शकतं.

लग्नात व्हिडिओ शूटिंग होतं, म्हणून भावजी वाढलेल्या हिरड्या कापून घ्यायला कल्याणच्या दातांच्या डॉक्टरकडे निघाले. मी मुद्दाम सोबत गेलो.

तपासता तपासता डॉक्टरांनी विचारलं, "रोजची कुठली गोळी चालू आहे?"

भावजींनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "फिटची. दहा वर्षं झाली."

बाहेर येताच मी त्यांना जिन्यातच अडवलं. "आमच्यापासून लपवलंत? ताईला आजच सांगतो. हे लग्न होणार नाही!"

"अरे, कुंदाला मी पहिल्या भेटीतच सांगितलंय."

 

"मग आम्हाला का नाही सांगितलं?"

"तीच म्हणाली, घरी बोलू नका. आमचा धाकटा सायन्सवाला आहे, तो आधी लग्न मोडायला धावेल."