टाकीचा हिशेब

"ही टाकी अशी कुठल्या शहाण्यानं जोडलीय?" तेजस्वीनं आकृतीचा कागद पोह्यांच्या ताटलीशेजारी आपटला.

आईनं तिला कोपरानं ढोसलं. स्थळ बघायला आलेल्या मुलीनं असं बोलायचं असतं?

"आमच्या विश्वजितनं," गणपतराव शांतपणे म्हणाले. "हिशेब घातला की कम्प्युटर नुसत्या चुकीच्या लाल रेघा दावतोय. बघ की जरा, पोरी."

गडमुडशिंगीत गणपतरावांचं दूध गार करायचं केंद्र होतं. विश्वजित त्यांचा एकुलता एक मुलगा. पुण्याहून निघालाय, पोचेलच, असं तासभर चाललं होतं. आधी मुलीनं घर बघावं, हा आग्रहही गणपतरावांचाच.

तेजस्वीला एकतिसावं लागलं होतं. आजवरच्या नऊ स्थळांनी भाकरी येते का, उंची किती, नोकरी सोडशील का, एवढंच विचारलं. गार-गरम पाण्याच्या पायपांचे हिशेब करणारी ही मुलगी दिवसभर नेमकं काय करते, हे एकानंही नाही. शेवटी वैतागून तिनं आईला बजावलं होतं, "जे घर माझं काम विचारील, तिथं मी मुलगा न बघता हो म्हणेन." आई तेव्हापासून त्या घराची वाट बघत होती.

आणि हे घर विचारत होतं. पण काय विचारत होतं!

"टाकी म्हणजे पायपाचा जाड तुकडा नव्हे हो," तेजस्वी म्हणाली. "इकडं मशीन पाणी गार करून टाकीत सोडतं, तिकडं दुसरा पंप ते दुधाकडं नेतो. दोन्ही फेऱ्यांचा हिशेब वेगळा मांडायचा. ह्यांनी सगळं एकाच माळेत ओवलंय. मग पंप हत्तीएवढाच येणार!"

"आन् टाकी धा हजार लिटरची घालूया की. मोठी म्हंजे चांगली."

"कशाला? पोहायचंय?"

गणपतरावांच्या पत्नी, तानाबाई, तोंडाला पदर लावून हसल्या. आईनं कपाळाला हात लावला.

"दूध कमी असलं की मशीन सारखं चालू-बंद होतं ना?"

"व्हय. डोकं उठतंय नुसतं."

"मग एकदा लागलं की ते दहा मिनिटं तरी चाललं पाहिजे. तेवढा गारवा साठेल एवढीच टाकी." तिनं भराभर आकडे मांडले. "दोन हजार लिटर. बास."

गणपतरावांनी तेच फिरवून फिरवून चारदा विचारलं. कुठला पाइप वर, कुठला खाली, का? तेजस्वी चिडली, तिनं खोडलं, पुन्हा काढलं. शेवटच्या आकृतीचा त्यांनी मोबाइलवर फोटो घेतला आणि लगेच पाठवला.

"विश्वजितला," ते म्हणाले.

तिचा राग कधी निवला, तिलाच कळलं नाही. सासरा सुनेच्या आकृतीचे फोटो काढतो, त्या घरात नांदता येईल. तिनं आईकडं बघून मान डोलावली.

आईचे डोळे भरून आले. "पावणं, आमच्याकडनं होकार समजा."

गणपतराव कागदाची घडी घालत राहिले. तानाबाईंनी मान खाली घातली.

आतल्या दाराचा पडदा सरला. कडेवर तान्हं बाळ घेतलेली एक तरुणी उंबऱ्यात आली, हातातला मोबाइल पुढं करत.

"मामंजी, ह्यांचा फोन हाय. म्हणत्यात, हिशेब जुळला, आता पावण्यांना वाटंला लावा."