पुरा कोयता

“अर्धा कोयता कोण घेतंय, वहिनी?” मुकादम धोंडीराम उंबऱ्यावर टेकत म्हणाला. “एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधायची. तुमी एकट्या काय काय करणार?”

चुलीपुढं बसलेल्या मंगलने मान वर केली नाही. काठवटीत बाजरीचं पीठ मळत राहिली. ऊसतोडीला नवरा-बायको जोडीने जातात आणि त्या जोडीलाच कोयता म्हणतात. मंगलचा नवरा पावसाळ्यात वारला होता. ट्रक उद्या निघणार होता.

ऋतुजा आतून आली. हातात बापाचा कोयता. मुठीला त्याने गुंडाळलेली सायकलची काळी ट्यूब तशीच होती.

“काका, मी येते. माय अन् मी मिळून पुरा कोयता. परीक्षा काय, पुढच्या वर्षी देईन.”

धोंडीरामचा चेहरा खुलला. “पोरगी समजदार हाय.”

“ती न्हाई यायची,” मंगल म्हणाली.

“मग ट्रक तुमच्याबिगर जाईल. कारखाना थांबतो का कुणासाठी?”

“माय, नको ना हट्ट करू.”

मंगलने भाकरी थापायला घेतली. “ऋतू, ते लेडीचं काय सांगितलंतंस परवा?”

“आता ते कशाला?”

“सांग. भाऊला बी कळू दे.”

ऋतुजा वडवणीच्या कॉलेजात इंग्रजी शिकत होती. कुठला शब्द कुठून आला, ते रोज भाकरी होईपर्यंत आईला सांगायची.

“हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत लेडी म्हणजे भाकरीचं पीठ मळणारी.”

“साहेबाची बायको?” धोंडीराम हसला. “ती कशाला मळतीया पीठ!”

“अन् तो लॉर्ड?” मंगलने विचारलं.

“भाकरीची राखण करणारा.”

मंगलने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला.

“औंदा मळती बी मीच, राखती बी मीच. मग अर्धी कुठून झाले, भाऊ?”

धोंडीराम आता हसला नाही. तव्याकडे बघत राहिला. भाकरी उलटली गेली, मग निखाऱ्यावर गेली, फुगली.

“खालच्या आळीची साखराबाई बी एकटीच हाय,” तो उठत म्हणाला. “तुमा दोघींची जोड लावतो. पर कारखान्यावर इचारलं, ही कुठली जोडी, तर काय सांगू?”

“लेडी हायेत म्हन.”

तो गेला. अंगणातून त्याचं हसू ऐकू आलं. ऋतुजा कोयता धरून तशीच उभी होती. मंगलने पिठाच्या हातानेच तो काढून घेतला आणि त्या जागी गरम भाकरी ठेवली.

“बस खाली. पुढला शब्द सांग.”

भिंतीला टेकवलेल्या कोयत्याच्या काळ्या मुठीवर पिठाची पाच बोटं उमटली होती.