ज्वारीच्या दाण्याएवढी बाई

प्रतिक्षानं बावीस पुस्तकं वर्षांच्या क्रमानं जमिनीवर मांडली आणि उजेडासाठी दारातच खुर्ची घेतली. हातात भिंग आणि पोलादी पट्टी.

आजोबा, जळबा, खाटेवर बसून तिच्या हालचाली ऐकत होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. उद्या हिंगोलीत शस्त्रक्रिया ठरली होती, आणि ते तिसऱ्यांदा नाही म्हणत होते. समजूत घालायला आईनं फिजिक्स शिकणाऱ्या प्रतिक्षाला औंढ्याला धाडलं होतं. त्यांनी अट घातली, आधी माझ्या पुस्तकांवरची बाई मोज.

पुस्तकं म्हणजे भयकथांचे स्वस्त संग्रह, १९६६ ते १९७८चे. मुखपृष्ठं सगळी जळबांची. प्रकाशकाकडून पोस्टकार्ड यायचं, त्यावर एकच ओळ. झाडातून निघालेला हात. डोळे नसलेला पुजारी. गोष्ट वाचायला मिळत नसे, आणि चित्रकाराचं नाव कुठंच छापत नसत. म्हणून जळबा प्रत्येक चित्रात, पार मागं, घागर घेतलेली एक पाठमोरी बाई काढत. तीच त्यांची सही.

"केवढी काढायचात, आबा?"

"ज्वारीच्या दाण्याएवढी. कवाबी बराबर तेवढीच."

पहिल्या पुस्तकावर ती चार मिलिमीटर भरली. १९७२च्या पुस्तकावर सात. शेवटच्या पुस्तकावर तेरा. छपाईत चित्र मोठं झालं असेल, म्हणून प्रतिक्षानं ट्रंकेतली मूळ चित्रं काढून मोजली. आकडे तेच.

तिनं ते सांगितलं. दर सात वर्षांनी जवळपास दुप्पट.

जळबांना नवल वाटलं नाही. शेवटच्या चित्रात त्यांना ती ओळखू आली होती, आणि त्याच दिवशी त्यांनी ब्रश ठेवला होता. ती मनकर्णा, त्यांची धाकटी बहीण. ते चित्र काढत असताना ती रंग कालवून द्यायची. एका दुपारी पाणी संपलं, म्हणून त्यांनी तिला विहिरीवर पाठवलं.

"लै उशीर झाला तिला. रंग वाळून राहिला म्हनून मी चिडलो, पर जाग्यावरून उठलो न्हाई. ती विहिरीतच ऱ्हायली."

प्रतिक्षानं पट्टी खाली ठेवली.

"आता दिसत न्हाई, तवर बरं हाय," ते म्हणाले. मग जरा हसले. "तुमच्या फिजिक्सात भुतं न्हाईत म्हन. पर हिशेब तर हाय. यंदा केवढी झाली असंल?"

"मनकर्णा केवढी होती, आबा?"

त्यांनी तळहात आडवा करून आपल्या कानाला लावला.

प्रतिक्षानं वहीत आकडेमोड केली. उत्तर पटेना, म्हणून पुन्हा केली. तिला दुसरा आकडा सांगता आला असता. पण आजवर तिनं मोजलेलं कधी बदललं नव्हतं.

"तुमच्या कानाएवढी."

 जळबा खाटेची कड चाचपत उभे राहिले, धोतर नीट केलं आणि दाराकडं तोंड वळवलं.

"तुह्या मायला फोन कर. उद्या येतो म्हनावं. आता तिला बघाया पायजे."

प्रतिक्षानं फोन उचलला. पण लावण्याआधी ती उठली, आणि मागं न बघता दारातली खुर्ची बाजूला ओढून वाट मोकळी केली.