चपलेचा वारा

"मार आई, झुरळच आहे समज! फक्त शेजारी मार."

फरशीवर लेकीनं बनवलेला, लॅपटॉपला जोडलेला कृत्रिम केसांचा तुकडा होता. झुरळाला अंगावरच्या केसांतून चपलेचा वारा आधीच कळतो, तसा यालाही कळायचा.

फटका पहिला, आईचा. लॅपटॉपवरची रेघ उसळली. पण उसळण्याआधी बारीक थरथरली.

दुसरा. पुन्हा थरथर.

"बिघडलंय तुझं यंत्र," आई म्हणाली.

तिसरा लेकीनं मारला. रेघ स्वच्छ.

चौथा आईचा. थरथर.

लेकीनं चप्पल काढून घेतली. "आई, हात कधीपासून कापतोय?"

आईनं हात पदराखाली घेतला. "हल्ली झुरळंच चपळ झालीत मेली."

"आई."

"दिवाळीपासून. म्हटलं, तुझं यंत्र पुरं झालं की सांगेन."