यंत्राचं नाक

"जरा घट्ट बांध. काल सुटलं होतं," साहेब खालून म्हणाले.

फिटर शिडीच्या वरच्या पायरीवर उभा राहून हवा मोजणाऱ्या यंत्राच्या नाकाला ओलं फडकं गुंडाळत होता. नाक म्हणजे हवा आत ओढणारी नळी. फडकं दोनदा पिळलेलं हवं. फार ओलं राहिलं तर यंत्र गुदमरून बंद पडतं, कोरडं राहिलं तर खरं बोलतं. सहा महिन्यांत फिटरचा हात चांगला बसला होता. फाटकावरच्या मोठ्या बोर्डावरचा आकडा बघता बघता तीनशे ऐंशीवरून एकसष्टवर आला. लाल अक्षरं हिरवी झाली. खाली ओळ उमटली : हवा उत्तम.

"कलाकार आहेस," साहेब म्हणाले आणि खोकत खोकत केबिनमध्ये गेले.

कारखाना शहराचा कचरा जाळून वीज करायचा. भट्ट्या तीन. एकच चालू असली की बोर्ड आपला आपण पिवळा राही, आणि पिवळ्याला वरच्यांची हरकत नव्हती. तिन्ही पेटल्या की आकडा चढे. आकडा चढला की शिडी निघे. म्हणजे ज्या दिवशी धूर सर्वांत जास्त, त्या दिवशी बोर्ड सर्वांत हिरवा. हे फिटर आणि साहेब या दोघांनाच ठाऊक होतं. फडकं तिसरं, पण ते बोलणाऱ्यांतलं नव्हतं.

फिटरला यात लबाडी वाटत नसे. स्वच्छ ऊर्जेबद्दल त्याची ठाम मतं होती आणि ती तो तोंडात घास असताना मांडत असे. त्याचा मेहुणा शाळेत विज्ञान शिकवायचा. रविवारी तो जेवायला आला की दोघांची जुंपायची.

"दाजी, एवढं जाळता, ते जातं कुठं?"

"वर. चिमणी साठ मीटर आहे. तुझ्या ओळखीचं कोणी साठ मीटरवर राहतं का?"

"आणि खाली येत नाही वाटतं?"

"कचरा जातो, वीज येते. आणखी काय यायला हवंय तुला? तुझं विज्ञान फळ्यावरचं. घंटा झाली की पुसून टाकायचं. आमचं चोवीस तास चालू असतं."

बायको दोघांना वाढत असे आणि मधेच हात पुसून आतल्या खोलीत जाई. आत छकुली खोकत असे.

छकुली आठ वर्षांची. चार महिन्यांत तिला दम्याचे अकरा झटके आले होते. दोनदा ओठ निळे पडले. डॉक्टरीणबाईंनी वही ठेवायला सांगितली : काय खाल्लं, कुठं खेळली, कधी दम लागला. मग निरोप दिला, या खेपेला वडिलांनाही आणा. फिटर पहिल्यांदाच दवाखान्यात आला आणि खुर्चीच्या कडेवर टेकला.

डॉक्टरीणबाईंनी वही दोनदा चाळली.

"खाण्याचं काही नाही. पण अकराच्या अकरा झटके ती मैदानात खेळून आली, त्याच संध्याकाळचे आहेत. मी सांगितलं होतं ना, हवा चांगली असेल तेव्हाच सोडा म्हणून?"

"तेव्हाच सोडते," बायको म्हणाली. "आमच्या खिडकीतून कारखान्याचा बोर्ड दिसतो. हिरवा झाला की सोडते. पिवळा असला की डोकं आपटून घेतलं तरी नाही. रोजचा रंगसुद्धा काढलाय, बघा ना."

समासात रंगीत पेन्सिलीने काढलेले छोटे गोल होते. झटक्याच्या तारखांपुढे अकरा. सगळे हिरवे. फिटरला त्यातला एकेक दिवस ओळखता आला. त्याचं तोंड उघडलं.

"काही सांगायचंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

फिटरला साहेब आठवले. नोकरी आठवली. नोकरीसोबत कारखान्याच्या वसाहतीत मिळालेल्या दोन खोल्या आठवल्या. तोंड उघडलंच होतं, म्हणून तो खोकला.

"तीस वर्षांत असं पाहिलं नाही," डॉक्टरीणबाई वहीकडे बघत म्हणाल्या. "पण वही काय खोटं बोलणार? हिला चांगली हवाच सोसत नसावी. एक करून बघू. बोर्ड हिरवा झाला की दारं-खिडक्या लावून हिला आत ठेवा. पिवळा असेल तेव्हा खुशाल खेळू द्या."

"अहो, असं कधी असतं का?" बायकोने नवऱ्याकडे पाहिलं.

"त्या सांगतायत तसं कर," फिटर म्हणाला. "शेवटी विज्ञान आहे."

महिना गेला. छकुलीला एकही झटका आला नाही. मेहुण्याने वही तीनदा वाचली, आणि त्या रविवारी तो पहिल्यांदाच न भांडता जेवला. बायकोने शेजारणींना सांगितलं तेव्हा त्या पदर तोंडाला लावून हसल्या. एक म्हणाली, "मग उकिरड्यावर नेऊन बसव तिला, बाळसं धरेल." आणि त्यांनी आपापली पोरं हिरव्या बोर्डावर भरवसा ठेवून मैदानात सोडली.

सोमवारी तिन्ही भट्ट्या पेटल्या. फिटर शिडीवर चढला. बोर्ड अठ्ठावन्नवर आला, हिरवा झाला. तसे वसाहतीतले दरवाजे एकामागून एक उघडले आणि मैदान पोरांनी भरून गेलं. मैदानाच्या मधोमध एक मुलगी खेळता खेळता थांबली, गुडघ्यांवर हात टेकून वाकली आणि खोकायला लागली. थांबेचना.

फिटरने डोळे बारीक करून नीट पाहिलं. आपली नव्हती.

त्याने फडक्याला आणखी एक गाठ मारली.