नेमलेला विरोध

मासळी सुकवायचं खळं बंदरवाल्या कंपनीला द्यायचं का, यावर मतदान झालं आणि जनाबाईचा हात कंपनीच्या बाजूने वर गेला.

भागीरथी बघतच राहिली. तीन महिने गावाविरुद्ध त्या दोघीच तर उभ्या होत्या. बालमैत्रिणीच्या जोरावर भागीरथीने सख्ख्या दिराशी वैर घेतलं, चूल वेगळी मांडली.

"जने, अगं काय केलंस हे?"

जनाबाईने मनगटावरचा सरकारी पट्टा दाखवला. त्यावरचा दिवा आता विझला होता.

"मला नेमलं होतं गं. सगळे एका सुरात बोलले की निर्णय चुकतो, म्हणून सरकारचं यंत्र प्रत्येक सभेत एकाला विरोध करायला लावतं. काय बोलायचं तेही कानात सांगतं. मतदान होईपर्यंत कुणाला सांगायची बंदी असते."

"आणि परवा माझ्या गळ्यात पडून रडलीस, ते?"

जनाबाईने कानातलं यंत्राचं बटण काढून पदराच्या गाठीत बांधलं.

"रड, असं नव्हतं सांगितलं त्याने," ती हळूच म्हणाली. "तू डगमगायला लागलीस, तुला धरून ठेवायचं, एवढंच सांगितलं होतं."