वळणावरची पावलं

लांडगे बर्फातून एकमेकांच्या पावलात पाऊल टाकत जातात, म्हणून नारीनच्या डोंगरात त्यांची मोजणी वळणावर करतात. तिथे पावलं सुटी होतात.

"चारच असणार, बाबा," बेगाइम म्हणाली. चार लांडग्यांपर्यंत चालवून घ्यायचं, पाचवा दिसला की शिकारी बोलवायचे, असं गावाचं ठरलं होतं. आणि तिला तर लांडगे परत आल्याचं कोण कौतुक!

"तुझे मामाच ना ते," बाबा हसले.

वळणावर तिने मोजलं. एक, दोन, तीन, चार.

पाचवं पाऊल माणसाचं होतं. अनवाणी, तिच्या तळहाताएवढं.

"किती झाले गं?" बाबांनी विचारलं. तिने त्या इवल्या पावलाकडे बोट दाखवलं.

पुढे पावलं पुन्हा एकात एक मिसळली होती आणि ती रांग सरळ त्यांच्याच घराकडे गेली होती. दोघं धावत सुटली.

चुलीपाशी आई आठ महिन्यांच्या धाकट्या एल्दानचे तळवे चोळत बसली होती. तो अजून रांगतही नव्हता.

"मघापासून चोळतेय, पण ऊबच येईना," आई म्हणाली. "आणि याच्या पायाच्या बोटांत बर्फ कुठून आला गं?"